फ्रिजच्या पाठीवरची सही

कमलेश राऊळचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "ताई, आतला दिवा लागतोय का?" दिवा लागत नसेल तर प्लग बघा, बोर्डाचं बटण बघा. दिवा लागतोय पण गार होत नाही, तर मागे कान लावा, आवाज येतो का ऐका. खाली पाणी साचतंय? भाजीच्या ट्रेमागचं बारीक भोक तुंबलं असणार, त्यात वायर फिरवा. दाराच्या रबरात कागद धरून ओढा, सहज निघाला तर रबर गेलं. निम्म्या तक्रारी तो अशा डोंबिवलीत घरी बसून, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन सोडवायचा, आणि पलीकडच्या बाईला वाटायचं, काय देवमाणूस आहे! उरलेल्या निम्म्यांसाठी वीस वर्षं त्यानं कल्याण, आंबिवली, पार शीळफाट्यापर्यंत स्कूटर दामटली होती. नाव चांगलं होतं त्याचं.

हे नाव कमवायला शिकवलं कल्याणच्या काळुरामशेठनं. ते त्याचे उस्ताद. शेठची एक पद्धत होती. काम झालं की फ्रिजच्या पाठीवरच्या पत्र्यावर मार्करनं लिहायचं: ओके, आपलं नाव, तारीख. पुढच्या मेकॅनिकला कळावं म्हणून, असं गिऱ्हाइकाला सांगायचं. खरं कारण शेठ दुकानात बसल्यावर सांगायचे, "अरे, जिथे नाव लिहायचंय तिथे माणूस हरामखोरी करत नाही." कमलेशनं ही सवय कधी सोडली नाही. हरामखोरी केली, तीही नाव लिहूनच केली.

तो दिवस चौदा ऑक्टोबरचा, मंगळवार. दिवाळी सहा दिवसांवर आलेली. दिवाळीआधीचा आठवडा म्हणजे मेकॅनिकच्या जिवाला घोर. घराघरातून फ्रिज धुऊन निघतात. कुणी प्लग ओढून तोडतं, कुणी सुरीनं बर्फ खरवडताना फ्रीझरला भोक पाडतं आणि वर म्हणतं, आपोआप झालं. त्या दिवशी वहीत अकरा नावं होती. सातवं नाव बायजाबाईंचं.

शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक जुनं आगरी गाव आहे. गाव म्हणजे आता चार-पाच बैठी घरं, आणि भोवती वीस-वीस मजले. बायजाबाईंच्या शेतातच एक टॉवर उभा राहिला, दोन्ही मुलगे त्यात राहायला गेले. म्हातारी मात्र बैठ्या घरातून हलायला तयार नाही. सत्तरी उलटलेली, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज खणखणीत.

"अरं पोरा, लाइट लागतंय, पन गार नाय करत रं," ती म्हणाली. "त्यान माजी साखरेच्या सुईची दवा हाय."

कमलेशनं दार उघडलं. दिवा लागला. हात आत घातला, थोडं गार लागलं. टीव्ही मोठ्यानं चालू होता, पंखा खडखडत होता. दुपारचे दोन वाजून गेलेले, पोटात कावळे ओरडत होते आणि चार नावं बाकी होती.

"आजी, दार सारखं उघडू नका. दोन तास बंद ठेवा, होईल गार."

"मी कवा उघडतंय रं? येकटी मानूस मी."

"सवय असते, कळत नाही," कमलेश हसून म्हणाला.

फ्रिज कपाट आणि तांदळाच्या पिंपामध्ये गच्च बसवलेला. ओढून काढायचा तर पिंप हलवा, कपाट सरकवा, वीस मिनिटांची खोटी. त्यानं मार्कर काढला, भिंत आणि फ्रिजच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि न बघताच लिहिलं. ओके. कमलेश. १४/१०. म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो चपला घालत होता. "घाई आहे आजी." चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

शुक्रवारी तिचा फोन आला. "उद्या येतो," तो म्हणाला. रविवारी दोनदा आला. तेव्हा तो घरी चकल्या खात बसला होता. नाव बघितलं आणि मोबाइल पालथा घातला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायजाबाई गेली. साखर इतकी चढली की शुद्धच हरपली; दोन दिवस दवाखान्यात, मग संपलं. कमलेशला हे कळलं तिच्या मुलीकडून. निशिगंधा तिचं नाव, टिटवाळ्याला दिलेली. तेरावं झाल्यावर तिचा फोन आला. "आईचा फ्रिज मी माझ्याकडे नेतेय. हलवायच्या आधी एकदा बघून द्याल का? फ्रिजच्या मागे तुमचं नाव दिसलं, नंबर आईच्या वहीत होता."

तो गेला. न जाऊन करतो काय?

या वेळी टीव्ही बंद होता, पंखा बंद होता. पिंप आणि कपाट बाजूला केलेलं. त्यानं प्लग लावला आणि उभा राहिला. मागून बारीक गुरगुर आली, मग टक् असा आवाज, मग शांतता. पुन्हा गुरगुर, पुन्हा टक्. कॉम्प्रेसर उचलतच नव्हता. त्याला धक्का देऊन चालू करणारा छोटा भाग असतो, रिले, तो जळत आलेला. असा फ्रिज मनात आलं तर चालतो, नाहीतर तासन्‌तास नुसता टकटकत बसतो, आणि आतला दिवा मात्र लख्ख. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं असतं तर नवख्यालाही कळलं असतं.

निशिगंधा मागे उभी होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलायला लागली.

"इन्सुलिन खराब झालेलं, असं म्हणाले डॉक्टर. मीच आणलेलं हो. कल्याणला घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि दोन तास दिवाळीची खरेदी करत हिंडले. केवढं ऊन होतं. बर्फाची पिशवीसुद्धा नाही घेतली बरोबर. भाऊ म्हणतात, तुझ्या हातानं गेली आई. बोलत नाहीत माझ्याशी." तिनं पदरानं नाक पुसलं. "फ्रिज तर ठीकच होता ना? आई म्हणालेली, मेकॅनिक येऊन ओके करून गेला."

त्या क्षणी जळका रिले कमलेशच्या हातात होता. त्यानं मूठ मिटली.

"ठीक होता," तो म्हणाला. "जरा सर्व्हिसिंग करून देतो."

नवा रिले बसवला. जुना खिशात घातला आणि परतताना शीळ रस्त्याला स्कूटर थांबवून नाल्यात फेकला. लाज वाटली त्याला. इतकी, की घरी आई ताट वाढायला बसली तेव्हा मान वर करून तिच्याकडे बघवेना. "काय रे, जेवण आवडलं नाही?" आईनं, कांताबाईंनी, विचारलं. "आवडलं," तो म्हणाला आणि गपागप गिळून उठला.

आता इथपर्यंत जे झालं त्यात कळण्यासारखं सगळं आहे. अशी माणसं असतात, अशा चुका होतात. पुढचं मात्र जसं घडलं तसंच सांगावं लागतं, कारण त्याचा अर्थ कमलेशला लागला नाही आणि दुसऱ्या कुणाला लागेल असंही वाटत नाही.

फेब्रुवारीत खडकपाड्याहून कल्पिता नावाच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय. साधं काम. त्यानं भोकातून कोथिंबिरीची एक काडी ओढून काढली आणि मागचं भांडं साफ करायला फ्रिज भिंतीपासून पुढे घेतला. मागच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. ओके. कमलेश. १४/१०.

आधी त्याला काहीच वाटलं नाही. आपण येऊन गेलो असू, एवढंच. मग अक्षर तिरकं दिसलं. ओळ डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेलेली, शेवटचं शून्य अर्धंच, पुढे नुसता फराटा. समोर बघून लिहिणाऱ्याचं अक्षर असं येत नाही. फटीत हात घालून, चाचपडत लिहिलं तरच असं येतं, आणि तसं त्यानं आयुष्यात एकदाच लिहिलं होतं.

"बाई, हा फ्रिज आधी कुणाकडे होता?"

"कुणाकडे म्हणजे? आमचाच. डिसेंबरमध्ये नवा कोरा घेतला, खोका आमच्यासमोर फोडला. का हो?"

"काही नाही."

फडक्यावर थिनर घेऊन त्यानं ते पुसलं. लगेच निघालं. दुसरा कुणी कमलेश असेल, दुकानातला असेल, असं स्वतःला समजावत तो जिना उतरला. तळमजल्यावर आल्यावर लक्षात आलं की लिफ्ट होती.

मार्चमध्ये आंबिवलीहून फोन आला. गोविंदा नावाचे रिटायर्ड गृहस्थ, पाचव्या मजल्यावर राहणारे. आवाजच तापलेला. "मिस्टर, तुम्ही गेल्या मंगळवारी येऊन गेलात. फ्रिज अजून तसाच आहे."

"मी? नाही काका, मी महिनाभरात आंबिवलीला आलेलो नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

तो गेला. दार उघडून काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हाच शर्ट होता," ते म्हणाले. "चार मिनिटं तरी थांबलात का? आमच्या हिला म्हणालात, दार सारखं उघडू नका. ती म्हणाली, मी कुठे उघडते? तर हसून म्हणालात, सवय असते, कळत नाही."

शब्द न शब्द तोच. ते बायजाबाईच्या घरात बोलले गेले होते आणि ते ऐकणारी एकटी बाई आता नव्हती.

फ्रिज ओढला. रिले जळलेला. पत्र्यावर तीच तिरकी ओळ, तीच चौदा ऑक्टोबर.

खाली गेटवर त्यानं वॉचमनला रजिस्टर उघडायला लावलं. दगडू नावाचा वयस्कर माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बोटाला थुंकी लावून त्यानं पानं उलटली. मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं, कमलेश राऊळ, फ्रिज, मोबाइल नंबर. सही. सहीतला शेवटचा फटकारासुद्धा त्याचाच.

"मी पाणी विचारलेलं ना तुम्हाला," दगडू म्हणाला. "घाई आहे म्हणालात."

त्या मंगळवारी दोन वाजता कमलेश घरी जेवत होता. आईनं कुळथाची पिठी केली होती, गरम गरम ओरपताना जीभ पोळली होती, म्हणून दिवस पक्का आठवत होता. घरी आल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली, "हो की, इथेच बसलेलास, चांगला तीनपर्यंत." तो म्हणाला, बरं.

एखाद्यानं आकाशपाताळ एक केलं असतं. पोलिसात गेला असता, कॅमेरे बघायला मागितले असते. कमलेशनं यातलं काही केलं नाही. खरं तर वर जाऊन तो गोविंदाकाकांना म्हणाला होता, "माफ करा काका, चूक झाली." आणि जे आपण केलंच नाही त्याची माफी मागताना त्याला विचित्र मोकळं वाटलं होतं. गंमत बघा, जे केलं होतं त्याची माफी अजून मागितलीच नव्हती.

मग हे वाढतच गेलं. तीन आठवड्यांत पाच घरं. कधी कल्याण, कधी ठाकुर्ली. सगळीकडे मंगळवार, सगळीकडे जळका रिले, सगळीकडे बायका कंबरेवर हात ठेवून विचारणार, "आता तरी नीट बघणार का?" आधी तो माणूस आठवडाभरापूर्वी येऊन गेलेला असायचा. मग दोन दिवसांपूर्वी. मग त्याच दिवशी सकाळी. ठाकुर्लीला तर एकीनं दारच उघडलं नाही. साखळीच्या फटीतून म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर धंदा बदला ना, लोकांच्या जिवाशी काय खेळता?" तो चपला हातात घेऊन जिन्यात उभा राहिला. वीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

शेवटी त्यानं आईला सांगितलं. सोमवारची संध्याकाळ होती, बायको शिवानी बाजारात गेलेली. आई जमिनीवर पेपर पसरून माठाची भाजी निवडत होती. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं; म्हातारीचा फोन, पालथा घातलेला मोबाइल, मुठीतला रिले, आणि हा पुढे पुढे जाणारा माणूस. त्या माणसाबद्दल आईनं काही विचारलं नाही. देठ मोडत राहिली.

"त्या मुलीला सांगितलंस?" एवढंच विचारलं.

"नाही."

"मग जगाची माफी मागत काय फिरतोस? जिची मागायची तिची माग ना."

"आई, तिचे भाऊ मला सोडतील का? इतकी वर्षं कमावलेलं नाव जाईल. धंदा बसेल माझा."

"बसू दे." आईनं भाजीची परात बाजूला सारली. "ती पोरगी आईला मारल्याचं पाप डोक्यावर घेऊन बसलीय रे. माहेर तुटलं तिचं. तुझ्या धंद्याचं कौतुक काय सांगतोस मला? उद्या जा. फोनवर नको, समोर बसून सांग."

"जातो," कमलेश म्हणाला. आईच्या समोर तो हे खरंच मनापासून म्हणाला.

मंगळवारी बाराच्या सुमारास निघता निघता फोन आला. शीळ रस्त्यावरचा टॉवर, नववा मजला, फ्रिज गार होत नाही. हा तोच टॉवर, बायजाबाईंच्या शेतातला. जाऊ नये असं वाटलं. पण आज आपण लगेच निघालो तर त्या माणसाच्या आधी पोचू, असाही विचार मनात आला. तो तडक निघाला. वाटेत सिग्नललासुद्धा नीट थांबला नाही.

दार एका तिशीतल्या बाईनं उघडलं. हाताला कणीक लागलेली.

"काही राहिलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"आत्ताच गेलात ना तुम्ही. लिफ्ट खाली गेली आणि वर आली, तेवढ्यात परत?"

तो आत शिरला. स्वयंपाकघरात चपात्यांचा वास, फोडणीचा वास, आणि त्यातून येणारा आणखी एक वास. उग्र, स्पिरिटसारखा. हा वास त्याला झोपेतही ओळखता आला असता.

फ्रिज जागचा हललेला नव्हता. त्यानं गाल भिंतीला टेकवला, फटीत मोबाइलचा उजेड मारला.

ओके. कमलेश.

तारीख नीट दिसेना, म्हणून त्यानं हात आत घातला आणि बोट फिरवलं. बोट बाहेर काढलं तर काळं झालेलं. शाई ओली होती.

गुरगुर. टक्. शांतता.

दाराच्या कप्प्यात अंडी होती, लोणच्याची बाटली होती, आणि औषधाचं एक पांढरं खोकं.

"हे कुणाचं?"

"सासूबाईंचं. इन्सुलिन."

"फेकून द्या," कमलेश म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "आजच नवीन आणा. हे एकसुद्धा देऊ नका त्यांना."

बाई घाबरून बघत राहिली. त्यानं फ्रिज ओढला, रिले बदलला, स्क्रू दोनदा खाली पडला. मग हवा हवी म्हणून गॅलरीत गेला.

खाली बायजाबाईंच्या बैठ्या घराची कौलं दिसत होती. त्यापलीकडे टॉवरचं गेट. गेटपाशी एक माणूस स्कूटरवर बसत होता. पायाशी हत्यारांची पिशवी. पाठीवर घामाचा डाग. एका हातानं हेल्मेट अडकवत दुसऱ्या हातानं चावी फिरवणारा, चार नावं बाकी असलेला माणूस.

त्यानं वर बघितलं नाही. स्कूटर वळली आणि डोंबिवलीच्या रस्त्याला लागली.

कमलेश खाली धावला नाही. धावून काय विचारायचं होतं? त्याच्या मनात एकच गोष्ट होती, टिटवाळा. आज, आत्ता, या पावली जाऊन सांगायचं, तरच हे थांबेल. कल्याणपर्यंतचं ऊन, खडवलीच्या बाजूनं येणारी गरम हवा, रस्त्यावरची धूळ, कशाकडे लक्ष नव्हतं. तोंडानं एकच वाक्य घोकत होता. ताई, मी फ्रिज तपासलाच नव्हता. ताई, मी तपासलाच नव्हता.

निशिगंधाच्या घरी पोचला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. चार महिन्यांत ती निम्मी झाली होती. गालाची हाडं वर आलेली. "अगंबाई, तुम्ही! या ना," म्हणत तिनं चहा टाकला. आईचा फ्रिज कोपऱ्यात होता, वर धुतलेला रुमाल घातलेला. एकसारखा, शांत आवाज येत होता त्याचा.

"वर्षश्राद्धाला भाऊ मला बोलावणार नाहीत म्हणतात," ती चहा गाळता गाळता म्हणाली. "मला वाटतं, बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नसतं बोलावलं."

"ताई, मला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

ती समोर येऊन बसली. किती विश्वासानं बघत होती! त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तुमच्या आईकडे आलेलो..."

"हो?"

घड्याळात तीन वाजले.

"त्या दिवशी घाईत मी त्यांना माझं कार्ड द्यायचं विसरलो. तेच द्यायला आलो. या फ्रिजला पुढे काही झालं तर फक्त फोन करा. मी येऊन करून देईन."

निशिगंधाचे डोळे भरून आले. "एवढ्या उन्हातून तेवढ्यासाठी आलात?" ती म्हणाली. "अहो, सख्खे भाऊ विचारत नाहीत मला. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं आहे." आणि खाली वाकून तिनं त्याला नमस्कार केला.

तिच्या घरातून तो कसा बाहेर पडला, ते त्याला आठवत नाही. टिटवाळ्याच्या रस्त्यावर एका बंद दुकानाच्या सावलीत स्कूटर लावून तो बराच वेळ बसून राहिला. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटत होती. परत जावं, असं दहादा वाटलं. मग वाटलं, आईला फोन करावा, जमलं नाही म्हणून सांगावं, ती दोन शिव्या देईल आणि पुन्हा पाठवेल. मोबाइल काढला, नाव समोर आणलं. आणि लाज वाटली. काय तोंडानं सांगणार? त्यानं मोबाइल खिशात ठेवून दिला.

घरी पोचायला सव्वासात झाले. शिवानी ओट्याशी उभी होती, कुकरची शिट्टी होत आलेली. घरात अंधारून आलं होतं. देव्हाऱ्यात दिवा लागलेला नव्हता. हे काम आईचं.

"आई कुठेय?"

"झोपल्यात," शिवानी मागे न बघता म्हणाली. "दुपारपासून."

"या वेळेला?"

"तूच म्हणालास ना, उठवू नको."

"मी कधी?"

"आता बघ! तीनला आलेलास ना तू. मी म्हटलं, आईंना दरदरून घाम फुटलाय, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय म्हणतात, जरा बघ रे. तर तू चपलासुद्धा काढल्या नाहीस. दारातूनच आत नजर टाकलीस आणि म्हणालास, काही नाही, ऊन लागलं असेल. चार तास पडू दे, हाक मारू नको." तिनं झाकण उचलून भाजी हलवली. "मी खालच्या डॉक्टरांना बोलावणार होते. आईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, कमलेश बघून गेला ना, मग झालं तर."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नाही.

शिवानीनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि घड्याळाकडे बघितलं.

"आता उठव हवं तर," ती म्हणाली. "चार तास होऊन गेले."